आधी राख झाकली

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सावंतवाडीच्या बहिणीला नाही. देवळात हात जोडून उभी राहिले, तेव्हाही मनातल्या मनात शब्द जुळायला लागले की मी डोळे उघडायचे आणि शेजारच्या बाईशी काहीतरी बोलायला लागायचे. आता तुम्हाला लिहून सांगते आहे. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून सोपं जाईल, असं वाटलं होतं. तसंही नाही.

कुठून सुरू करू? नियमापासून करते. नियम माझाच होता.

मालवणहून आचऱ्याकडे निघालात की समुद्र डाव्या हाताला राहतो आणि उजवीकडे आमचा सडा लागतो. सडा म्हणजे कातळाचं लांबच लांब पठार. पावसात हिरवंगार, मग त्यावर कमरेएवढं गवत माजतं, आणि शिमगा झाला की ते वाळून असं होतं की नुसतं अंगाला लागलं तरी करकरतं. सड्याच्या उतारावर लोकांच्या काजी, म्हणजे काजूची झाडं, आणि थोडी हापूसची कलमं. उताराच्या पायथ्याशी आमची घरं, एकाला लागून एक, मध्ये दगडाचे गडगे. दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे वणवा लागायचाच. कुणी बिडी टाकायचा. कुणी पातेरा जाळायचा—पातेरा म्हणजे झाडांखाली पडलेला वाळका पाला. कुणाची भाजावळ हाताबाहेर जायची. भाताची रोपं करायची ती जमीन पावसाआधी फांद्या, गवत पसरून भाजून काढायची, ही आमच्याकडची जुनी रीत. आजाने केली, बापाने केली, म्हणून नातू करतो.

बाईची जागा पडली म्हणून दिरांनी मला सरपंचपदाला उभं केलं. पहिलं वर्ष मी सांगतील तिथे सही करत होते. मग हळूहळू मला त्या खुर्चीची चव लागली. हो, चवच म्हणायला हवी. लोक उठून उभे राहायचे. तालुक्याहून फोन यायचे ते माझ्या नावाने. एका उन्हाळ्यात वणव्यात सात-आठ घरांच्या काजी जळाल्या, तेव्हा मी ग्रामसभेत ठराव आणला. शिमग्यापासून पाऊस पडेपर्यंत उघड्यावर आग लावायची नाही. पातेरा खड्ड्यात पुरायचा, जाळायचा नाही. भाजावळ करायचीच असेल तर पंचायतीत आधी कळवायचं, सूर्य वर यायच्या आत करायची, पाणी आणि दुसरं माणूस जवळ ठेवायचं. मोडेल त्याला दंड. एसटीच्या थांब्याजवळ आम्ही तसा फलकही रंगवून लावला.

नियम चांगला होता. आजही मी तेच म्हणेन. वाईट नियम मोडला असता तर निदान तेवढं तरी म्हणता आलं असतं.

त्या ग्रामसभेत एकटा भिकू उठला होता. थांबा, आधी भिकूचं सांगायला हवं. भिकू म्हणजे माझ्या घरापासून दोन गडगे पलीकडचा शेजारी. थोडी भातशेती, एक गाय, एक पाडी, आणि हंगामात रापण ओढायला किनाऱ्यावर जायचा. आवाज मोठा, हट्ट त्याहून मोठा. त्याची बायको यशोदा माझ्याच वयाची. मी लग्न होऊन या गावात आले, तेव्हा चुलीवर तांदळाची बोरं कशी तळायची ते मला तिने शिकवलं होतं. भिकू मला वैनी म्हणायचा. मी सरपंच झाल्यापासून चारचौघांत 'सरपंचबाय' म्हणायला लागला होता, आणि त्यात थोडी थट्टा असायची. थट्टा मला कळायची.

तो उठला आणि म्हणाला, "सरपंचबाय, आमका आग इझवूक येता म्हणानच आमी लावतो. माझ्या बापाशीन कोणाक इचारून भाजावळ करूक नाय. मीय इचारूचंय नाय."

सभा हसली. मला ते लागलं. मी शुद्ध मराठीत उत्तर दिलं—खुर्चीवर बसलं की माझी भाषा बदलायची—"तुमच्यासारख्या हट्टी माणसांमुळेच दुसऱ्याच्या बागा जळतात." सभेने टाळ्या वाजवल्या. भिकू खाली बसला. त्या टाळ्या पुढे कितीतरी दिवस माझ्या कानात होत्या, आणि मला त्या आवडत होत्या.

आता त्या दिवसाचं.

करोनाच्या आदल्या वर्षीचा उन्हाळा. दुसऱ्या दिवशी तालुक्याहून मंडळी यायची होती, गावाची स्वच्छता बघायला. आमच्या गावाचं नाव वर जाईल असं बोललं जात होतं. मी पहाटेच फेरीला निघाले. कुठे प्लास्टिक पडलंय, कुणाच्या मागीलदारी घाण आहे, बघत बघत. भिकूच्या कुणग्याशी, म्हणजे भाताच्या तुकड्याशी, आले तर धूर. तो आणि यशोदा भाजावळ आटपत होते. सूर्य अजून सड्याच्या वर आला नव्हता. पाण्याचे हंडे भरून ठेवलेले होते. माणसं दोन होती. म्हणजे बघा—नियमातलं सगळं होतं, फक्त पंचायतीत कळवलेलं नव्हतं.

"कळवलं नाही तुम्ही," मी म्हटलं.

"आता बघलंस मा? झाला कळवून," भिकू म्हणाला. यशोदा पदर तोंडाला लावून हसली.

मग दोघांनी हंडे ओतले. वाफ आली, काळा चिखल झाला. भिकू खाली बसला, सगळीकडे तळवा टेकून टेकून बघितलं, आणि मला म्हणाला, "ये, तूय हात लाव. उद्या सांगशीत भिक्यान इस्तो ठेवल्यान म्हणान." इस्तो म्हणजे विस्तव.

मी वाकले आणि हात लावला. जमीन ओली होती. गार होती.

ही गोष्ट लक्षात ठेवा असं मी म्हणणार नाही. मला मात्र ती विसरता आलेली नाही. माझा हा उजवा तळवा. त्याला ठाऊक होतं.

दुपारी जेवणं झाली. नवरा पडवीत आडवा झाला. मी मागीलदारी गेले तर फणसाचा, आंब्याचा पाला, सगळा परसू भरलेला. गावभर फिरून लोकांना बोललेली मी, आणि उद्या मंडळी चहाला माझ्याच घरी बसणार. खड्डा होता, माझ्याच नियमाप्रमाणे खणून घेतलेला. पण तो वरपर्यंत भरला होता. दुसरा खणायला माणूस हवं, आणि ऐन दुपारी कोण मिळणार? मी हिरांच्या झाडूने पाला ओढून ढीग केला. गडग्याजवळच केला, कारण तिथे घरातून दिसत नाही.

हे वाक्य मी लिहून परत वाचलं. कारण तिथे घरातून दिसत नाही. म्हणजे लावायच्या आधीच मला लपवायचं होतं.

काडी ओढली. एवढासा ढीग, मी जवळ उभी आहे ना—असं मनाशी म्हणाले. आणि उभी होतेही, थोडा वेळ. मग घरात फोन वाजला. बहिणीचा. तिच्या मुलाचा साखरपुडा ठरला होता. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले आणि बोलत राहिले. मुलगी कुठली, जेवणाला किती माणसं, साडी कुठल्या रंगाची घ्यायची. साडीवर बरंच बोललो. ती जांभळी म्हणत होती आणि मी म्हणत होते, जांभळी तुला उठून दिसत नाही.

दुपार कलली की आमच्याकडे समुद्रावरून वारा सुटतो. हे इथल्या लहान मुलालाही शिकवावं लागत नाही. मला ठाऊक नव्हतं का? मीच ठरावात लिहिलं होतं, सूर्य वर यायच्या आत.

फोन ठेवून बाहेर आले तर माझा ढीग जवळजवळ विझलेला. आणि गडग्यापलीकडे गवत बोलत होतं. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. तडतड नव्हे, एक सारखा, घाईघाईचा आवाज. आग उताराला लागून थोडी वर गेली होती. फार नाही. एका काजीपासून दुसऱ्या काजीपर्यंत असेल. वाऱ्याच्या पुढे पुढे पळत होती.

इथवर जे झालं ते कुणाच्याही हातून झालं असतं, असं तुम्ही म्हणाल. मीही स्वतःला बरीच वर्षं तेच म्हणत आले. पण मी आग लावली हे सांगायला मी बसलेले नाही. निदान तेवढंच सांगायला नाही.

त्या क्षणी माणसाने काय करायचं असतं? ओरडायचं असतं. बाकी काही नाही. घशातून आवाज काढायचा, मग पाणी, मग आग झोडपायला हिरव्या डहाळ्यांचे टाळ, मग देव. आमच्या वाडीत कुणी 'आग' म्हणून हाक मारली की ताटावरची माणसं उठून धावतात. मला एवढंच करायचं होतं.

मी नाही ओरडले.

मी बादली घेतली आणि माझ्या ढिगावर पाणी ओतलं. दुसरी बादली ओतली. फावड्याने ती राख उचलून खड्ड्यात टाकली. वर पाला ओढला. जमिनीवर काळा डाग राहिला होता, त्यावर बाजूची माती पसरली आणि झाडूने सारखी केली. झाडू गडग्याच्या कडेला ठेवला होता, तो उचलून नेहमीच्या जागी ठेवला. हात धुतले. हे सगळं मी घाईने केलं, पण नीट केलं. माझं डोकं इतकं स्वच्छ चाललं होतं की आज त्याचीच भीती वाटते. मी घाबरून काही करत नव्हते. उद्या मंडळी येणार आहेत, आणि सरपंचाच्या परसात राख सापडता कामा नये, एवढाच विचार होता.

मग मी ओरडले. आधी राख झाकली, मग ओरडले.

किती वेळ गेला असेल? खूप नाही. पण यशोदाला जेवढा हवा होता तेवढा.

त्यांची पाडी सड्यावर, एका काजीच्या बुंध्याला बांधलेली होती. यशोदा घरात तांदूळ निवडत होती. माझी हाक ऐकून ती उठली, धूर कुठल्या बाजूला जातोय ते बघितलं आणि कुणाला न विचारता वर धावली. मी आधी ओरडले असते तर ती आगीच्या कितीतरी आधी तिथे पोचली असती. हे मी अंदाजाने म्हणत नाही. नंतर मी ती वाट पुन्हा पुन्हा चालून बघितली आहे.

पाडीने घाबरून हिसके मारले होते, त्यामुळे दाव्याची गाठ आवळून बसली होती. यशोदाने ती गाठ सोडवली. आग पायाशी आली तरी सोडवत राहिली. पाडी आधी खाली आली, गळ्यात अर्धं जळलेलं दावं लोंबत होतं. मग यशोदा आली. दोन्ही हात पुढे धरून आली, जसं कुणाला काही द्यायचं आहे. साडीचा काठ पेटलेला होता. भिकूने ओलं पोतं घेऊन तिला आडवं पाडलं. ती ओरडली नाही. पाडी आली काय, एवढंच विचारत होती.

सगळी वाडी टाळ घेऊन संध्याकाळपर्यंत आगीला झोडपत होती. मीही होते. माझ्या भुवया जळाल्या. लोक म्हणाले, सरपंच असावी तर अशी.

यशोदाला गोव्याच्या इस्पितळात नेलं. भिकू तिच्यासोबत होता, म्हणून पंचायतीत बैठक झाली तेव्हा तो गावात नव्हता. तलाठी आले होते, पोलीस पाटील होते, ज्यांच्या बागा जळाल्या ते सगळे होते. सगळा उतार खालच्या गडग्यांपर्यंत काळा झालेला. आग कुठल्या गडग्यातून वर चढली ते सांगणार कोण? एकाने भिकूच्या कुणग्यातली भाजावळ दाखवली. ग्रामसभेतलं त्याचं बोलणं सगळ्यांना आठवत होतं.

मला विचारलं, "बाई, तुम्ही सकाळी फेरीला होता. तुम्हाला काही दिसलं?"

मी म्हटलं, "भिकूच्या कुणग्यात धूर होता. पंचायतीत कळवलेलं नव्हतं."

बघा, दोन्ही वाक्यं खरी आहेत. मला खोटं बोलायला लागलंच नाही. तिसरं वाक्य फक्त बोलायचं राहिलं—मी स्वतः हात लावला होता, आणि जमीन गार होती. ते वाक्य माझ्या जिभेवर होतं का? नव्हतं. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. ते जिभेपर्यंत आलंच नाही. मी ते आतच दाबून धरलं होतं आणि लोकांकडे बघत होते. बैठक संपली तेव्हा मला हलकं वाटलं. घरी येऊन मी पोटभर जेवले.

भिकू परत आला तो पाऊस तोंडावर आला तेव्हा. यशोदा वाचली होती. पण हातांची बोटं आत वळून तशीच राहिली, जणू मुठीत काहीतरी घट्ट धरलं आहे. डॉक्टरांनी पुढे कधीतरी ऑपरेशन करू म्हटलं. ते एकदा झालंही, फार फरक पडला नाही. तिला भिकूच भरवायचा, अंघोळ घालायचा, साडी नेसवायचा. निऱ्या त्याला कधी जमल्या नाहीत. त्याने नंतर तिला गाऊन आणून दिले.

आणि आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या घरापुढच्या खळ्यात येऊन उभा राहिला. मी त्याला लांबून येताना बघितलं. मला वाटलं, याला कळलं. तो म्हणेल, वैनी, तू हात लावून बघितला होतास, मग बैठकीत बोलली का नाहीस? मी उत्तर तयार करायला लागले.

"बस," मी म्हटलं. तो बसला नाही.

"वैनी," तो म्हणाला. कितीतरी दिवसांनी वैनी म्हणाला. "माका वाटलेला इझली म्हणान. पाणी घातललंय, हात लावललंय. तूय हात लावन बघललंस. तुकाय गार लागली. पण खंय तरी एखाद्या मुळात इस्तो रवलो आसतलो. आपण दोघांय फसलो." मग हात जोडले. "तू सभेत सांगत होतंस ता खरा होता. माझी चूक झाली. माका माफ कर."

त्याने मला जाब विचारला नाही. मला त्याने आपल्या बाजूला घेतलं. आपण दोघं फसलो, म्हणाला. माझ्या बैठकीतल्या गप्प राहण्याचा अर्थही त्यानेच लावून दिला मला.

आता काय करायचं होतं मी? तो माझ्यासमोर हात जोडून उभा होता. नवरा आत रेडिओ लावत होता. वाडीत कोणी नव्हतं. एवढी सोपी जागा मला पुन्हा मिळाली नसती. एक वाक्य. भिकू, तुझ्या कुणग्यातल्या मुळात काही राहिलं नव्हतं, आग माझी होती.

मी म्हटलं, "जाव दे रे भिकू. कोणाच्याय हातान होता. मी मनात काय ठेवलंय नाय."

मी त्याला माफ केलं. समजलं का तुम्हाला? मी. त्याला.

तो माझ्या खळ्यात उभ्याने रडला. मोठ्या आवाजाचा माणूस, पण रडताना आवाज आला नाही. मी त्याला तांब्याभर पाणी आणून दिलं. जाताना तो म्हणाला, तुझे उपकार झाले.

त्या पावसात भिकूने आणखी एक केलं. ज्यांच्या ज्यांच्या काजी जळाल्या होत्या त्यांच्याकडे जाऊन त्याने खड्डे खणले आणि रोपं लावली. कुणी सांगितलं नव्हतं. यशोदाला सकाळी भरवायचा, मग पाटी-कुदळ घेऊन सड्याच्या उताराला जायचा. माझ्याही चार काजी जळाल्या होत्या. त्याने माझ्या बागेतही लावल्या. मी वरून छत्री धरून उभी होते आणि इथे लाव, तिथे नको, असं सांगत होते. त्या काजी आता धरायला लागल्या आहेत. ओल्या काजूंची उसळ दर उन्हाळ्यात माझ्या घरी होते. मी ती खाते. घशात अडकत वगैरे नाही. तसं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल, पण ते खरं नाही.

भिकू-यशोदाचा मुलगा महेश मुंबईला कंपनीत असतो. आईचे हात बघून गेला तो बापाशी बोलेनासा झाला. आईला फोन करायचा, फोन भिकूच तिच्या कानाला धरायचा, आणि आपण बाजूला तोंड करून उभा राहायचा. हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. माझी खुर्ची तोवर गेली होती, पण शिमगा झाला की पंचायतीची रिक्षा कर्णा लावून गावात फिरते, आगीचा नियम वाचून दाखवते. रिक्षा भिकूच्या घरासमोरून जायची तेव्हा तो काम सोडून आत जायचा. शाळेतल्या मुलांनाही ती गोष्ट सांगतात, नाव न घेता. न घेतलं म्हणून काय झालं? पोरांना घर माहीत आहे.

गेल्या पावसाळ्यात भिकू गेला. ताप आला, तो छातीत उतरला, आणि चार दिवसांत आटपलं. महेश आला तेव्हा भिकूला अंगणात ठेवलं होतं. तेराव्याला सगळे गेल्यावर महेश माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "काकी, त्येनी मधी तीनदा फोन केल्यानी. मी उचललंय नाय. आयेक तू बघलंस मा, तिच्या हातांचा काय झाला ता. मी कसो उचलतलंय?"

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "तुझी काय चूक, बाबा," असं म्हटलं. त्याची चूक नव्हतीच. कुणाची होती ते सांगायला माझ्याजवळ तोंड होतं, जीभ होती, आणि तो अगदी जवळ बसलेला होता.

तुम्ही विचाराल, आता तरी का नाही सांगत? मी त्याची उत्तरं शोधली आहेत, बरीच सापडली. आता सांगून कुणाचं काय भलं होणार. नवऱ्याचं हृदय. मुलीच्या सासरची माणसं. प्रत्येक उत्तराला थोडं सोललं की आत तीच बाई सापडते—फावडं हातात घेतलेली, डोकं स्वच्छ असलेली. बाकी काही नाही आत.

भिकू गेल्यापासून मी यशोदाकडे रोज जाते. सकाळी महेशने ठेवलेली बाई येते, स्वयंपाक करून जाते, पण केस मीच विंचरते. वाडीत याचंही कौतुक होतं. परवा असंच तिला मागीलदारी पायरीवर बसवलं, मी वरच्या पायरीवर बसले आणि गुंता सोडवत होते. तिचे केस अजून दाट आहेत. तिने मान थोडी मागे टेकवली. मग म्हणाली,

"गो, तुका एक सांगू? कोणाकडे बोला नको."

"सांग."

"जाताना त्यानं माका इचारल्यान, माफ केलंस मा गो माका, म्हणान. मी मान हलवलंय. हो म्हटलंय." ती आपल्या मुठींकडे बघत होती. "पण केलंय नाय मी. इतकी वर्षा त्यानं माझा हागणामुतणा काढल्यान, तरी माका जमूक नाय. तो गेलो तरी माका त्याचो राग येता. मरतल्या माणसाक लटक्या सांगितलंय. ह्या पाप न्हय काय?"

माझा हात तिच्या केसांत होता.

"नाय गो," मी म्हटलं. "पाप कसला."

"मगे झोप कित्याक लागणा नाय माका?"

मी गुंता सोडवून संपवला. तीन पेड केले, वेणी घातली, टोकाला रबर लावलं. तिने मान वळवून, वळलेल्या बोटांच्या मागच्या बाजूने माझ्या गुडघ्यावर थोपटलं. म्हणाली, "तुझ्याकडे बोललंय की जरा बरा वाटता."

मी फणीतले केस काढले, फणी धुतली, खिडकीत ठेवली आणि घरी आले.